बर्टनवुड: विमानं गेली, गोदाम राहिलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी रिटायर होईपर्यंत खडकीच्या एका डेपोत स्टोअरला होतो. मुलगी-जावई इंग्लंडात वॉरिंग्टनला असतात, तिथं जाणं झालं आणि शेजारच्या बर्टनवुड नावाच्या जुन्या लष्करी विमानतळाने मला धरलं ते धरलंच. पुण्यातनं आता बरीच मंडळी मुलांकडे मँचेस्टर-लिव्हरपूल भागात जाऊन येतात, त्यांच्याकडनं आणि आमच्या जुन्या डेपोवाल्यांकडनं सारखे तेच तेच प्रश्न येतात, कोणी फोन करतं, कोणी व्हॉट्सॲपवर लांब व्हॉइस मेसेज टाकतं, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

बर्टनवुड नक्की कुठं आहे?

इंग्लंडच्या वायव्य भागात, वॉरिंग्टन शहराला अगदी खेटून. एका बाजूला लिव्हरपूल, दुसऱ्या बाजूला मँचेस्टर, आणि मधोमध वॉरिंग्टन. बर्टनवुड हे जवळच्या गावाचं नाव, तेच विमानतळाला पडलं, जसं आपल्याकडे लोहगाव गाव आणि लोहगाव विमानतळ.

ते विमानतळ होतं की डेपो? कोणी काही सांगतं, कोणी काही.

दोन्ही, पण पहिल्या दिवसापासून डेपो. हे मी मुद्दाम ठासून सांगतो कारण सगळीकडे गोष्ट पायलट आणि विमानांची सांगतात, आणि शेवटी एक ओळ टाकतात की नंतर तिथं लष्करी गोदाम झालं, बिचारं विमानतळ गोदामात संपलं वगैरे. तसं काही झालेलं नाही. १९४० च्या एप्रिलमध्ये रॉयल एअर फोर्सने ते सुरू केलं तेच मुळी ३७ नंबरचं मेंटेनन्स युनिट म्हणून. म्हणजे विमानं ठेवायची, दुरुस्त करायची, त्यात बदल करायचे, सामान भरून ठेवायचं आणि मागणी आली की पाठवायचं. इथनं उठून जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणारी स्क्वाड्रन नव्हती. धावपट्टी होती ती माल आत-बाहेर नेण्यासाठी, आमच्या डेपोत रेल्वेचं साइडिंग असायचं तशी. म्हणून विमानं उडायची थांबल्यावर सुद्धा जागा तीस-पस्तीस वर्षं कामात राहिली.

मग तिथंच का बांधलं? दुसरी जागा नव्हती का?

नकाशा उघडून बघा, लगेच कळेल. लिव्हरपूल म्हणजे अटलांटिक ओलांडून येणाऱ्या जहाजांचं मोठं बंदर, तिथनं हे जवळ. जर्मनी पूर्वेला, तिकडनं येणाऱ्या विमानांना हे लांब. आजूबाजूला कारखान्यांची गावं, त्यामुळे फिटर, टर्नर, वेल्डर असले हाताला काम माहीत असलेले लोक आयते मिळायचे. रेल्वे शेजारून. जमीन सपाट. डेपोला जागा निवडायची तर याच गोष्टी बघतात, आपल्याकडे इंग्रजांनी खडकी-देहूरोड रेल्वेलाइनच्या कडेने धरलं ते उगाच नाही, मुंबई बंदर एका रात्रीच्या मालगाडीवर आणि घाटामुळे समुद्रावरनं येणाऱ्या शत्रूपासून आड.

अमेरिकन लोक केव्हा आले आणि का?

१९४२ च्या मध्यावर. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ ला, मग त्यांचं एअर फोर्स इंग्लंडात यायला लागलं, आणि हजारो विमानं आणायची म्हणजे त्यांना सांभाळणारा डेपो आधी पाहिजे. इंग्रजांनी बर्टनवुड त्यांच्या हातात दिलं. सुरुवातीला ब्रिटिश सिव्हिलियन कामगार आणि अमेरिकन सैनिक एकत्र काम करायचे, १९४३ मध्ये ते पूर्ण अमेरिकन लष्करी आस्थापन झालं, नाव बेस एअर डेपो नंबर एक. दोन नंबरचा डेपो वॉर्टनला, तोही लँकेशायरमध्येच, आणि तीन नंबरचा उत्तर आयर्लंडमध्ये लँगफर्ड लॉजला.

वॉर्टन आणि बर्टनवुडने कामं वाटून घेतली होती. बर्टनवुडकडे बी-१७ बॉम्बर आणि पी-४७ फायटर, वॉर्टनकडे बी-२४ आणि पी-५१. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. बी-१७ आणि पी-४७ दोघांचीही इंजिनं रेडियल, म्हणजे सिलिंडर गोल चक्रासारखे लावलेले आणि हवेने थंड होणारे, त्यामुळे त्यांची हत्यारं, जिग, टेस्टिंग आणि मेकॅनिकचा हात सगळं एका प्रकारचं. दहा प्रकारची इंजिनं एका छपराखाली आणली की काय घोळ होतो हे स्टोअरवाल्याला विचारा, पार्ट नंबर एका अंकाने चुकतो आणि लाइन थांबते.

युद्धात तिथं रोज नेमकं काय चालायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांब होणार.

समजा एक नवीन बी-१७ अमेरिकेतनं उडत आला. कारखान्यातनं निघाला तेव्हा तो जसा होता तसा लढाईत पाठवता येत नाही. कारण मधल्या काळात लढाईतनं काहीतरी शिकून झालेलं असतं, इथं चिलखताची प्लेट हवी, तिथं रेडिओ बदला, ऑक्सिजनची नळी इथनं नको तिथनं न्या. कारखान्याची लाइन दर आठवड्याला बदलत बसली तर उत्पादनच थांबेल, म्हणून हे सगळे बदल डेपोत करायचे. विमान हँगरमध्ये घेतलं की यादीप्रमाणे एकेक काम, प्रत्येक कामाला सही, आणि मग युनिटला रवाना.

दुसरीकडे लढून आलेली इंजिनं. पेटीतनं आलेलं इंजिन पूर्ण खोलायचं, प्रत्येक भाग धुवायचा, तडा गेलाय का तपासायचा, बाद झालेला भाग टाकून नवा लावायचा, पुन्हा जोडायचं आणि टेस्ट बेडवर चालवून बघायचं. बी-१७ ला चार इंजिनं, प्रत्येकात नऊ सिलिंडर. पी-४७ ला एकच, पण अठरा सिलिंडरचं. आता एका सिलिंडरला किती पिस्टन रिंगा, किती व्हॉल्व्ह, किती स्प्रिंगा, किती गॅस्केटं याचा हिशेब मनात करा, म्हणजे या इमारतींमध्ये किती लाख डब्या मांडून ठेवलेल्या असतील ते डोळ्यासमोर येईल.

आणि सुटा भाग नुसता फळीवर ठेवून चालत नाही. समुद्रातनं आलेला माल खाऱ्या हवेने गंजतो, म्हणून अमेरिकन लोक त्याला कॉस्मोलिन नावाचं तपकिरी, मेणासारखं जाड ग्रीस फासून पाठवायचे. ते काढायचं काम ज्याने केलं असेल त्यालाच कळेल. थंडीत ते दगडासारखं बसतं, गरम करून किंवा सॉल्व्हंटमध्ये बुडवून काढावं लागतं, बारीक भोकांत शिरतं, नखांत आठवडाभर राहतं. आमच्याकडे पण ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेला माल यायचा, शेडमध्ये पाऊल टाकलं की पहिला तो वास यायचा आणि घरी गेल्यावर शर्टाला सुद्धा तोच.

मग बिन कार्ड. प्रत्येक खणाला एक कार्ड, त्यावर पार्ट नंबर, नाव, खालती तारीख, व्हाउचर नंबर, आला किती, गेला किती, शिल्लक किती आणि सही. खणातला माल मोजला तर कार्डाच्या शेवटच्या ओळीशी जुळला पाहिजे, आणि कार्ड लेजरशी. कॉम्प्युटर नसताना एवढ्या मोठ्या डेपोचा मेंदू म्हणजे ही कार्डं. एखादं विमान जमिनीवर अडकून पडलंय आणि त्याला लागणारा भाग शेडमध्ये आहे पण कार्डावर नाही, तर तो भाग जगात नाहीच असं समजा.

११,५०० विमानं तिथं बनली असं वाचलं, खरं का?

बनली नाहीत, तिथनं गेली. १९४३ ते १९४५ या काळात ११,५०० हून जास्त विमानांवर तिथं काम झालं. युद्ध संपता संपता तिथं साधारण १८,००० अमेरिकन सैनिक होते, म्हणजे वॉरिंग्टनच्या शेजारी दुसरं एक गावच वसलं होतं.

वॉरिंग्टनच्या लोकांचं आणि अमेरिकनांचं जमायचं का?

बरंचसं जमायचं. नाचाचे कार्यक्रम, चॉकलेट, सिगारेट, आणि लग्नं तर भरपूर, वॉरिंग्टनच्या कितीतरी मुली अमेरिकन सैनिकांशी लग्न करून तिकडे गेल्या. तिथल्या लोकांकडनं ही गोष्ट फार प्रेमाने ऐकायला मिळते.

पण एक बाजू अशी आहे जी सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. अमेरिकन लष्करात तेव्हा काळे आणि गोरे सैनिक वेगळे ठेवायचे. काळ्या सैनिकांना बहुतेक करून ट्रक चालवणं, माल चढवणं-उतरवणं अशीच कामं, म्हणजे डेपो ज्यांच्या पाठीवर चालतो तीच कामं, आणि मान मात्र गोऱ्या युनिटला. बर्टनवुडच्या उत्तरेला प्रेस्टनजवळ बँबर ब्रिज नावाचं गाव आहे, तिथं १५११ व्या क्वार्टरमास्टर ट्रक रेजिमेंटचे काळे ड्रायव्हर राहायचे, तेही आठव्या एअर फोर्सचे, म्हणजे इंग्लंडातनं लढणाऱ्या अमेरिकन हवाई दलाचे, त्याच्या तळांना माल पोचवणारे. अमेरिकन अधिकाऱ्यांनी पबमध्ये वर्णभेद पाळा म्हटल्यावर तिथल्या पबवाल्यांनी उलटी पाटी लावली, फक्त काळ्या सैनिकांसाठी! २४ जून १९४३ च्या रात्री गोऱ्या मिलिटरी पोलिसांशी वाद झाला, गोळीबार झाला आणि विल्यम क्रॉसलँड नावाचा काळा सैनिक मारला गेला. नंतर खटले चालले ते काळ्या सैनिकांवरच. पुरवठ्याचा इतिहास लिहायचा तर या ड्रायव्हरांपासून सुरुवात करायला पाहिजे असं माझं मत आहे.

आपल्या देशात त्या काळी असं काही होतं का?

होतं तर! आणि त्याचं मूळ आपल्या मराठी मुलखातल्या माणसापर्यंत जातं. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद, ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आपल्याच पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात आहे, त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. स्वप्न होतं भारतात विमानं बांधायचं. जपान युद्धात उतरल्यावर सरकारने १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ मध्ये तो कारखाना अमेरिकन एअर फोर्सच्या हाती गेला आणि त्यांचा ८४ वा एअर डेपो झाला. कॅटॅलिना नावाच्या समुद्री विमानांपासून डकोटा या मालवाहू विमानापर्यंत कितीतरी विमानांची ओव्हरहॉलिंग तिथं झाली. म्हणजे लँकेशायरमध्ये बर्टनवुड जे करत होतं तेच काम इकडे चीन-ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी बंगळुरू करत होतं. त्या डेपोत तयार झालेले हात युद्धानंतर एचएएलच्या, म्हणजे याच कंपनीच्या पुढच्या रूपाच्या, कामाला आले.

बर्लिनला विमानाने कोळसा नेला त्यात बर्टनवुडचा काय संबंध?

मोठा संबंध. युद्ध संपल्यावर अमेरिकन निघून गेले होते, बर्टनवुड परत इंग्रजांकडे. जून १९४८ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते-रेल्वे-कालवे अडवले आणि वीस लाखांच्या वर लोकांना विमानाने जगवायची वेळ आली. मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठली तरी उड्डाणं सप्टेंबरपर्यंत चालू ठेवली. सगळी मिळून २ लाख ७७ हजारांच्या वर उड्डाणं आणि २३ लाख टनांच्या आसपास माल, त्यातला दोन तृतीयांश माल कोळसा.

मुख्य विमान सी-५४, चार इंजिनांचं मालवाहू, मुळात लांब पल्ल्याचं. ते दिवसरात्र छोट्या छोट्या फेऱ्या मारायला लागलं, म्हणजे उतरणं-चढणं प्रचंड, टायर-ब्रेकची वाट लागायची. दर २०० तास उडालं की मोठी तपासणी, आणि त्यासाठी अमेरिकन परत बर्टनवुडला आले, १९४८ च्या हिवाळ्यापासून ही तपासणी तिथं व्हायची. तिथं सगळ्यात पहिलं काम साफसफाई. कारण पोत्यातनं कोळशाची भुकटी गळते, पोतं ओलं करा नाहीतर दुहेरी करा, ती गळतेच, आणि विमानाच्या तळाखाली जिथं कंट्रोलच्या केबल आणि विजेच्या तारा असतात तिथं जाऊन बसते, पिठाची गोणी फुटली तर त्यावर पिठाचा थर. हे नीट काढलं नाही तर केबल झिजते, वायरींचा संपर्क जातो. मग विमान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लाइनमध्ये सरकत जायचं आणि प्रत्येक ठिकाणची टोळी आपलं ठरलेलं काम करायची. युद्धातली बर्टनवुडची सवय इथं उपयोगी पडली.

मग उड्डाणं का थांबली?

पन्नासच्या दशकात अजून काही वर्षं चांगली गेली. लष्करी प्रवासी विमानं अटलांटिक ओलांडून इथं उतरायची, आणि १९५३ पासून हवामान टेहळणीची ५३ वी स्क्वाड्रन इथनं अटलांटिकवर उडायची, वादळात घुसून हवेचा दाब, तापमान मोजून आणणारी ही मंडळी. पण अमेरिकनांनी इंग्लंडमधला आपला पसारा आवरून पूर्वेकडच्या तळांवर एकत्र करायला घेतला, प्रवासी वाहतूक तिकडे गेली, १९५९ मध्ये हवामानवाले ऑल्कनबरीला गेले आणि अमेरिकनांचं इथलं उडणं संपलं. भोवती शहर वाढत होतं ते वेगळंच.

आणि फ्रान्समुळे डेपो परत सुरू झाला म्हणतात, ते काय प्रकरण?

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी मार्च १९६६ मध्ये जाहीर केलं की फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेतनं बाहेर पडतोय आणि १ एप्रिल १९६७ पर्यंत सगळी परदेशी सैन्यं फ्रान्समधनं गेली पाहिजेत. आता अमेरिकन आर्मीचे युरोपातले मोठमोठे डेपो फ्रान्समध्येच होते. जर्मनी आघाडीवर, त्यामुळे साठा मागे फ्रान्समध्ये, असा त्यांचा सगळा हिशेब. वर्षभरात ८ लाख टनांच्या घरात सामान हलवायचं! या मोहिमेला त्यांनी फ्रेलॉक नाव दिलं होतं.

डेपो हलवणं म्हणजे घर बदलण्यासारखं नाहीये. ट्रकवर टाकायच्या आधी मोजायचं, पॅकिंग बघायचं, व्हाउचर करायचं, काय जर्मनीत, काय इटलीत, काय इंग्लंडात, काय भंगारात हे ठरवायचं, आणि हे चालू असताना रोजच्या मागण्या थांबत नाहीत. मी कधी याबद्दल बोलायला लागलो की आमचे जुने स्टोअरकीपर दोस्त डोक्याला हात लावतात, कारण एका शेडचा माल दुसऱ्या शेडमध्ये हलवला तरी पुढच्या स्टॉकटेकिंगला काय होतं ते सगळ्यांनी भोगलंय.

इंग्लंडात एवढा माल ठेवायला तयार जागा कुठली, तर बर्टनवुड. शेड उभी होती, आवार होतं, रस्ते होते. १९६७ ला अमेरिकन आर्मी आली, आणि जिथं आधी एअर फोर्सचा डेपो होता तिथं आता आर्मी डेपो.

पण बंद पडलेलं विमानतळ डेपोला एवढं सोयीचं का असतं?

सपाट आणि पाण्याचा निचरा केलेली जमीन, तीही आधीपासून सरकारच्या नावावर, हे अर्धं काम झालं. मग हँगर. हँगरच्या मध्ये खांब नसतात, कारण विमानाचे पंख आत घ्यायचे असतात, त्यामुळे फोर्कलिफ्ट मोकळी फिरते आणि रॅक हवे तसे लावता येतात. विमानं उभी करायचे काँक्रीटचे ओटे आणि धावपट्टी ही मोठं वजन सोसायलाच केलेली, त्यावर ट्रक, ट्रेलर, जनरेटर रांगेने उभे करा, पावसाळ्यात चाक रुतायची भीती नाही. कडेने गोल रस्ता, म्हणजे गस्त घालायला सोपं. कुंपण, वीज, पाणी, बॅरॅक, फायर स्टेशन सगळं तयार. नवीन डेपो उभा करायला जे दहा वर्षं लागतात ते इथं कुलूप उघडून मिळतं.

दारूगोळ्याचं मात्र वेगळं असतं. तिथं दोन साठ्यांमध्ये अंतर, मातीचे बांध, थोडा थोडा माल विखरून ठेवणं हे महत्त्वाचं, एक मोठं छप्पर तिथं धोक्याचं. आपल्या विदर्भात पुलगावला ३१ मे २०१६ ला जी आग लागली आणि इतके जवान, अधिकारी आणि फायरमन गेले, ते आठवलं की हे अंतर कशासाठी ठेवतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

हेडर हाउस म्हणजे काय?

बर्टनवुडचं सगळ्यात मोठं गोदाम, पन्नासच्या दशकातलं, एका छपराखालच्या युरोपातल्या सगळ्यात मोठ्या जागांपैकी एक. आधी एअर फोर्स आणि मग आर्मीने वापरलं. शीतयुद्धात युरोपात लढाई पेटलीच तर अमेरिकेतनं येणाऱ्या सैन्याला लागणारं सामान आधीच इकडे भरून ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. सैनिक विमानाने काही तासांत येतो, त्याच्या गाड्या आणि अवजड सामान जहाजाने येईपर्यंत आठवडे जातात, म्हणून. अशा साठ्याचं काम फार कंटाळवाणं दिसतं बाहेरनं, कारण काहीच घडत नाही. पण बॅटऱ्या चार्ज करत राहायचं, इंजिनं ठरावीक दिवसांनी चालू करून बघायची, रबर चिरलं की बदलायचं, तारीख उलटलेलं औषध काढायचं, आणि ही लढाई कधी होऊ नये अशी इच्छा ठेवून ती उद्याच आहे असं समजून तयारी करायची. वर्षानुवर्षं मन लावून हे करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता ती इमारत नाही, पाडली.

एम६२ मोटरवे धावपट्टीवरनं जातो हे खरं?

खरं. मँचेस्टरहून लिव्हरपूलला निघालात की वॉरिंग्टनपाशी मोटरवेचा एक सरळसोट पट्टा लागतो, तो बराचसा जुन्या मुख्य धावपट्टीच्या रेषेतच बांधलाय, सत्तरच्या दशकात. म्हणजे आर्मीचा डेपो चालू होता आणि शेजारून धावपट्टीवरनं मोटारी पळत होत्या. जंक्शन ८ ला बर्टनवुड नावाचं सर्व्हिसेस पण आहे, चहा-कॉफीला थांबतात तिथं, पाटी वाचा आणि मुलांना सांगा.

डेपो शेवटी कधी बंद झाला?

१९९३ मध्ये. १९९१ च्या आखाती युद्धात उपयोगी पडला, पण सोव्हिएत युनियनच मोडलं म्हटल्यावर एवढा साठा ठेवायचं कारण गेलं.

आज तिथं काय आहे?

ओमेगा नावाचं प्रचंड बिझनेस पार्क. त्यात कसली बांधकामं, तर गोदामं! एस्डासारख्या सुपरमार्केटची, द हट ग्रुपसारख्या ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीची. बंदर जवळ, मोटरवे दारात, मधोमध जागा, १९४० ला जी कारणं होती तीच आज पण आहेत. आपल्या चाकण-तळेगाव रोडला जी नवीन पांढरी-निळी पत्र्याची गोदामं दिसतात ना, तस्साच देखावा.

दुसऱ्या भागात चॅपलफर्ड नावाची वस्ती झालीय, घरं, शाळा, दुकानं. तिथल्या रस्त्यांची नावं बॉस्टन बुलेव्हार्ड, सांता रोझा बुलेव्हार्ड अशी अमेरिकन आहेत, ती त्या आठवणीतनंच.

बघायला जायचं तर कसं जायचं?

लिव्हरपूल-मँचेस्टर लाइनवर वॉरिंग्टन वेस्ट स्टेशन डिसेंबर २०१९ ला सुरू झालं, ते चॅपलफर्डला लागूनच आहे, पायी जाता येतं. गलिव्हर्स वर्ल्ड नावाचं लहान मुलांचं पार्क आहे, त्याच्या आवारात बर्टनवुड हेरिटेज सेंटर, निघायच्या आधी उघडं असल्याची चौकशी करून घ्या. नातवंडं बरोबर असतील तर सगळ्यांचाच दिवस चांगला जातो. सून किंवा जावई गाडीने नेणार असतील तर जंक्शन ८ ला उतरून ओमेगाच्या आतल्या रस्त्यांवरनं एक चक्कर मारायला सांगा, जमीन केवढी सपाट आणि केवढी मोठी आहे ते तेव्हाच कळतं. स्वेटर ठेवा, वारा फार.

पुरंदरला नवीन विमानतळ झालं की लोहगावचं पण असंच होणार का?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. लोहगाव मुळात एअर फोर्सचं आहे हे लोक विसरतात. १९३९ ला रॉयल एअर फोर्सने ते मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभं केलं, १९४७ ला भारतीय हवाई दलाकडे आलं, नंतर कॅनबेरा बॉम्बर आली, पुढं सुखोई लढाऊ विमानं सगळ्यात आधी इथंच आली. आपण प्रवासी तिथं पाहुणे, टर्मिनल एअरपोर्ट अथॉरिटीचं आणि धावपट्टी हवाई दलाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे सगळी प्रवासी विमानं बंद ठेवली होती तेव्हा सगळ्या पुण्याला ते कळलं. आणि तिथं ९ बीआरडी म्हणजे बेस रिपेअर डेपो पण आहे, म्हणजे बर्टनवुडसारखं विमानांच्या बरोबरीने डेपोचं काम तिथं आधीपासूनच चालू आहे. पुरंदरचं काही झालं तरी हवाई दलाचं लोहगाव हवाई दलाचंच आहे.

पुरंदरबद्दल मला एवढंच म्हणायचंय की बर्टनवुडची जमीन पण कोणाची तरी शेती होती. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, या सात गावांतल्या लोकांचं म्हणणं नीट ऐकून मगच जे काय व्हायचं ते व्हावं.

खडकी-देहूरोडच्या डेपोचे फोटो टाका ना, तुलना करता येईल.

नाही टाकणार. ते चालू डेपो आहेत, तिथं फोटो काढायला मनाई आहे आणि मी नोकरीत असताना काय बघितलं ते लिहायचं नसतं. बर्टनवुड बंद होऊन तीस वर्षं झाली, तिथं आता पिझ्झा आणि कपड्यांची पार्सलं निघतात, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने लिहिता येतं. सॅटेलाइट नकाशे बघून शेडना नावं देऊन मला पाठवू नका, कृपया.

आमचे वडील-आजोबा पण डेपोत किंवा ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, त्यांचं काय जपून ठेवावं?

खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची आहे, म्हणजे पुण्यात अशी घरं आहेत जिथं चार पिढ्या तिथं गेल्या. सरकारी कागद घरी असतील, ड्रॉइंग, लेजर, मालाची यादी, तर ते ठेवू नका, रीतसर परत करा. पण निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला फोटो, पगाराची जुनी स्लिप, कामगार युनियनची पावती, लाँग सर्व्हिसचं सर्टिफिकेट, डबा न्यायची पितळी बरणी, हे सगळं ठेवा आणि मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. आजोबा अजून असतील तर त्यांना काय बनत होतं हे विचारायचं नाही, ते सांगणार पण नाहीत. घरातनं किती वाजता निघायचे, सायकलला डायनॅमो होता का, भोंगा कुठपर्यंत ऐकू यायचा, ६१ साली पानशेत फुटलं त्या दिवशी कामावर गेले होते का, सोसायटीचं कर्ज काढून पहिली वस्तू काय घेतली, हे विचारा. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मध्ये बोलू नका.